खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे जनक म्हणून सर जॉन चार्नली यांचंच नाव का घेतात?

कृत्रिम खुबा तर ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सक चार्नलींच्या आधीही बसवत होते, मग श्रेय त्यांनाच का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुबा बदललेल्या पेशंटला वॉकर धरून उभं करणं हे माझं रोजचं काम, म्हणून या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आधी बसवत होते हे खरंच. लंडनला फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्येच पोलादी सांधा बसवला होता. पण ते सांधे ढिले पडत. विगनजवळच्या राइटिंग्टन हॉस्पिटलात चार्नलींनी थेट घर्षणालाच हात घातला. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. कृत्रिम गोळा त्यांनी मुद्दाम लहान, सुमारे २२ मिलिमीटरचा केला, म्हणजे वाटीवर पीळ कमी पडतो. वाटी टेफ्लॉनची, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं त्या गुळगुळीत प्लास्टिकची केली. दोन्ही भाग हाडात पक्के करायला दंतवैद्यकातलं अ‍ॅक्रिलिक सिमेंट घेतलं.

पेशंट न दुखता चालू लागले. मात्र दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं आणि त्याच्या कणांनी भोवतालच्या पेशी बिघडवल्या. असे पेशंट सुमारे ३०० होते. चार्नलींनी ते अपयश झाकलं नाही. निकामी सांधे पुन्हा उघडून काढले, आणि शरीर टेफ्लॉनला कसं वागवतं हे बघायला त्याचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून घेतला! माझ्या लेखी त्यांचं खरं मोठेपण इथे आहे.

१९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता नवं प्लास्टिक घेऊन आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागाचे गिअर त्याचे बनत. चार्नलींना ते काही पटलं नाही, पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते झिजेच्या यंत्रावर चढवलंच. तीन आठवड्यांनीही ते टेफ्लॉनच्या एका दिवसाइतकं झिजलं नव्हतं. हेच पॉलिएथिलीन. त्याची वाटी नोव्हेंबर १९६२ पासून पेशंटना बसू लागली, आणि त्याच्याच सुधारित वाट्या आज आपल्याकडेही बसवतात.

जंतुसंसर्गावरचं त्यांचं काम मात्र लोक विसरतात. गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष आणि सर्जनचा श्वास बाहेर खेचणारा पोशाख, अशा उपायांनी त्यांनी संसर्गाचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आणलं. शिवाय मृत्यूनंतर सांधा तपासायला द्यावा, अशी विनंती ते पेशंटना करत, आणि कितीतरी जणांनी ती मान्य केली. वाटी वर्षाला किती झिजते, हे त्या सांध्यांवरून मोजता आलं.