सवलत म्हणजे सूट नव्हे

नागपूरच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: दहावीतल्या डिस्लेक्सिया (वाचताना अक्षरांची गल्लत होणं) असलेल्या मुलाला जादा वेळ आणि लेखनिक (तो सांगेल ते उत्तर लिहून देणारा) मिळणार म्हटल्यावर बाकीचे पालक 'त्यालेच सवलत काऊन?' म्हणून कुरकुरतात. तर 'सवलत' टाकून 'सुविधा' म्हणावं का? आणि लेखनिक मुलगी असेल तर 'लेखनिका' म्हणायचं का?

टाकू नका. 'सुविधा' तर बसस्टँडवरच्या संडासालाही म्हणतात. बिघडवलं ते बर्डीवरच्या, म्हणजे आमच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानांनी. 'भव्य सवलत'चे फलक वाचून वाचून सवलत म्हणजे सूट, एवढंच डोक्यात बसलं. सूट म्हणजे देण्यातलं काही माफ करणं. या पोराला जादा वेळ देऊन काय माफ केलं? पेपर तोच, प्रश्न तेच. तासामागे जी 20 मिनिटं जास्तीची मिळतात, ती 'घर'चं 'धर' वाचून पुन्हा ओळीच्या सुरुवातीला येण्यातच जातात.

आता मूळ बघा. अरबी 'सुहूलत', म्हणजे सोपेपणा. आपल्या नागपुरी हिंदीतली 'सहूलियत' तिचीच सख्खी. त्यामागचा शब्द 'सहल': सोपं, आणि त्याआधी सपाट, खाचखळगे नसलेली जमीन. अरब लोक पाहुण्याचं स्वागत 'अहलन व सहलन' म्हणून करतात. आपल्या माणसांत आलात, सपाट वाटेनं आलात, असा त्याचा अर्थ सांगतात. (जुलाबाला अरबीत 'इसहाल' म्हणतात, तोही याच धातूचा. वाट मोकळी झाली म्हणायची!)

'सबल करते ती सवलत' अशी व्युत्पत्ती सांगणारे विद्वान आहेत. ब चा व झाला, मान्य. मग शेवटचा 'त' कुठून टपकला, महाराज? उलट हू चा व होणं मराठीला नवं नाही. साधू, साहू, साव ही साखळी डोळ्यांसमोर आहे.

माझं तर मत आहे की शाळेची सहलसुद्धा याच घरची. ती 'सैर'वरून आली म्हणणाऱ्यांनी र चा ल झाला एवढंच दाखवून भागणार नाही; मधला ह कुठला, तेही दाखवावं. मोकळ्या सपाट मैदानावर रमतगमत फिरणं, यात मला तरी काही ओढाताण दिसत नाही. यावर भांडायला मी केव्हाही तयार आहे.

हं, पालकांचं राहिलं. त्यांना 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. डिस्लेक्सिया त्यात नावानिशी आहे आणि कलम 17 मध्ये जादा वेळ व लेखनिक स्पष्ट लिहिलेत. शाळेनं खिशातून काढून दिलेलं ते दान नाही.

लेखनिक मुलगी असली तरी लेखनिकच म्हणा. 'रायटर' मात्र नको, तो पोलीस ठाण्यात असतो.