रॅकहॅमच्या 'पीटर पॅन'ची १९०६ ची प्रत घेण्याआधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न असा: विसाव्या शतकाच्या सुरुवातीची इंग्रजी सचित्र बालपुस्तकं जमवायची आहेत, आर्थर रॅकहॅमच्या चित्रांचं 'पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स' एका विक्रेत्याकडे आहे, तो 'पहिली आवृत्ती' म्हणतो, घ्यावं का?

आधी चित्रं मोजा. साल, बांधणी, सही हे सगळं नंतर. या पुस्तकात ५० रंगीत चित्रं हवीत: एक मुखचित्र (शीर्षकपानासमोरचं) आणि शेवटी एकत्र ४९. ती तीन रंगांच्या हाफटोन (बारीक ठिपक्यांच्या) ठशांनी गुळगुळीत आर्ट पेपरवर वेगळी छापून जाड तपकिरी कागदावर हातानं डकवलेली असत. प्रत्येकावर झिरझिरीत कागद, त्यावर चित्राखालची ओळ. डकवलेलं चित्र सहज सुटतं आणि फ्रेममध्ये सुटं विकलं जातं, म्हणून निम्म्या गोष्टी इथेच बिघडतात. सुरुवातीची चित्रांची यादी समोर ठेवून एकेक ताडा. नुसती बेरीज पुरत नाही, कारण एखादं चित्र दुसऱ्या प्रतीतलं आणून लावलेलं असतं. असं चित्र थोडं तिरकं बसतं, त्याच्या कडा नव्यानं कापलेल्या असतात किंवा खाली जुन्या गोंदाचा चौकोन डोकावतो. शंका आली तर दहापट भिंग लावा. जुन्या ठशाच्या छपाईत रंगीत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते आणि ठिपक्याच्या कडेला शाई किंचित गडद असते. इंकजेटवर काढलेल्या नकलेत विखुरलेले बारीक तुषार दिसतात.

मग शीर्षकपान. लंडनच्या हॉडर अँड स्टौटनची १९०६ ची आवृत्ती हवी. १९१२ मध्ये त्यांनीच नवं मुखचित्र आणि जादा रेखाचित्रं घालून वेगळी आवृत्ती काढली. ती देखणी आहे, पण तिला पहिलीच्या भावात घेऊ नका. १९०६ ची साधी प्रत तांबूस कापडी बांधणीत, सोनेरी चित्रासह येते. खास आवृत्ती ५०० प्रतींचीच: क्रमांक घातलेली, रॅकहॅमची सही असलेली, व्हेलमच्या (कमावलेल्या कातड्याच्या) बांधणीत, बांधायला रेशमी फिती. फिती बहुतेक तुटलेल्या असतात, त्याचं मनावर घेऊ नका. व्हेलमचे पुठ्ठे मात्र हवेतल्या ओलीनं बाकतात आणि सहजी सरळ होत नाहीत.

आपल्याकडच्या प्रतींचा खास रोग म्हणजे पुनर्बांधणी. बाइंडर नवा पुठ्ठा चढवताना तिन्ही बाजूंनी कटिंग मारतो. समास गेला की किंमतही गेली. माझ्या मते मूळ बांधणीची खिळखिळी प्रत नव्या चामड्यातल्या ठणठणीत प्रतीपेक्षा बरी. ग्रंथालयाचा शिक्का शीर्षकपानावर असला तर चालवून घेता येईल, चित्रावर असला तर नाही. जुन्या कागदावर पडणारे तपकिरी ठिपके जाड तपकिरी कागदावर लपतात, म्हणून मजकुराच्या पांढऱ्या पानांवर शोधा.

पुस्तक घरी आल्यावर सेलोटेप, लॅमिनेशन आणि फेव्हिकॉल यांना हात लावू नका. सुटलेलं चित्र गव्हाच्या स्टार्चच्या पातळ खळीनं, मूळ जसं होतं तसं फक्त कडेला चिकटवा. पूर्ण मागच्या बाजूला खळ फासली तर वाळताना कागद ओढला जाऊन सुरकुततो. आर्ट पेपर भिजून दाबला गेला तर त्यावरचा लेप मऊ होऊन पानं एकमेकांना कायमची चिकटतात. त्यामुळे मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवणं उत्तम. ६५ च्या वर बुरशी धरू लागते, आणि कसरही ओलीतच वाढते. पुस्तकं उभी ठेवा, व्हेलमची प्रत मात्र नेमक्या मापाच्या आम्लमुक्त पेटीत, म्हणजे पुठ्ठ्यावर हलका दाब राहतो. डांबरगोळ्या ठेवू नका.

विक्रेता लांबचा असेल तर पैसे देण्याआधी शीर्षकपान, त्याची मागची बाजू, पाठीचे दोन्ही सांधे आणि शेवटच्या सगळ्या चित्रांचे फोटो मागा. चित्रांचे फोटो झिरझिरीत कागद उचलून काढलेले हवेत. 'चित्रं सगळी आहेत' हे वाक्य बिलावर संख्येसकट लिहून घ्या. जो ५० चा आकडा लिहायला कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नका.