साठ्यातल्या सामानातून भरतकाम: आधी कापड, मग दोरा, डिझाइन शेवटी

डबाभर दोरे आणि कापडाचे पाच-सहा तुकडे साठलेत, नवीन काही आणायचं नाही आणि मोठ्या पानांच्या वेलीचं डिझाइन मनात भरलंय. पण त्यातल्या हिरव्या छटा तुमच्याकडे नाहीत. माझं ऐकाल तर ते डिझाइन तूर्त बाजूला ठेवा. साठ्यातून काम करताना जे सगळ्यात कमी आहे, त्यानेच डिझाइन ठरवावं. मी एकदा हे उलटं केलं होतं. सात पानं भरून झाली आणि आठव्याच्या देठापाशी हिरवा संपला. त्याच रंग-नंबरची लडी (दोऱ्याची गुंडाळी) आणली, पण ती वेगळ्या खेपेत रंगवलेली. उजेडात ते आठवं पान पिवळट दिसायला लागलं. शेवटी सातही पानं उसवली.

कापड आधी धुऊन, इस्त्री करून घ्या. सुती कापड भरल्यानंतर आटलं तर टाक्यांभोवती चुण्या पडतात, त्या नंतर जात नाहीत. मग उजेडासमोर धरा. विरलेली जागा लगेच कळते. चारी बाजूंनी सात-आठ सेंटिमीटर सोडून जे उरेल, तेवढंच तुमचं अंगण.

दोऱ्यांना मात्र एक संध्याकाळ द्या. प्रत्येक लडीचा वीतभर दोरा दोन्ही हातांनी झटकन ओढून बघा. सहज तुटला तर ती लडी कितीही सुंदर असो, बाजूला काढा. लाल, मरून, गडद निळा आणि काळा यांचे तुकडे ओल्या पांढऱ्या कापडात दाबून सुकेपर्यंत ठेवा. डाग उमटला तर तो दोरा कधीच धुवायचं नाही अशा कामालाच वापरा.

आता मोजणी, जी बहुतेक जण टाळतात. सहा पदरी, म्हणजे सुटे करता येणारे सहा बारीक धागे असलेल्या सुती दोऱ्याची लडी साधारण 8 मीटरची असते. 45 सेंटिमीटरचे तुकडे केले तर सतरा निघतात. दोन पदरांनी भरायचं म्हटलं तर प्रत्येक तुकड्यातून तीन वेळा सुई ओवता येते, म्हणजे पूर्ण लडीत साधारण 50 वेळा. आता फालतू कापडावर एक पान पूर्ण भरा. त्याला दीड वेळा ओवावं लागलं, तर एका लडीत साधारण तेहतीस पानं होतील. अर्धवट लड्याही अशाच मोजा. हा आकडा हातात आला की मनातली निम्मी धाकधूक जाते.

तुमच्या मोठ्या पानांचा प्रश्न इथेच आहे. सॅटिन टाक्यात, म्हणजे शेजारी शेजारी चिकटून टाके घालत आकार पूर्ण भरताना, दोरा मागच्या बाजूनेही जवळजवळ तेवढाच जातो, म्हणजे निम्मा दोरा कुणाला दिसतच नाही. त्याऐवजी कडेला देठ टाका (तिरक्या टाक्यांची दोरीसारखी रेघ) घाला, आत शिरा काढा आणि पानाचं पोट मोकळं ठेवा. मला तरी अशी पानं जास्त जिवंत वाटतात. आणि भरायचीच असतील तर दोन हिरव्यांचा एकेक पदर एकाच सुईत घ्या. हे मिश्रण पहिल्या पानापासून सगळीकडे विखरून वापरा. दोरा संपत आल्यावर सुरू केलंत तर ठिगळ दिसेल.

जरी आणि रेयॉन साठ्यात असतील तर 30 सेंटिमीटरपेक्षा लांब ओवू नका, पदर सुटतात. गंजाचा ठिपका असलेली सुई टाकूनच द्या.

कापडाचं माप आणि हिरव्या लड्यांची मोजणी इथे कळवा. वेल छोटी करायची की फक्त एक फांदी घ्यायची, ते त्यावरून बघू.