क्रँक थकला, की ताण येऊन तुटला?

सोलापूरच्या एका वाचकाचा प्रश्न: यंत्रमागाचा क्रँक शाफ्ट तुटला. मिस्त्री म्हणतो ‘ताण आला’, मुलाच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकात ‘फटीग’ (म्हणजे थकवा) आहे. मराठीत ‘थकून तुटला’ चालेल का?

चालेल, आणि तेच नेमकं आहे. ‘ताण येऊन तुटला’ म्हटलं की एकदाच झेपेनासा भार पडला, असा अर्थ होतो. धोटा मधे अडकून माग दणक्याने थांबला आणि शाफ्ट वाकला, तर ते म्हणावं. थकण्यात प्रत्येक वेळचा भार झेपणाराच असतो, पण तो पुन्हा पुन्हा येतो. मिनिटाला 120 फटके, फेऱ्याला एक, असे धरले तर साध्या मागाचा क्रँक दहा तासांत 72,000 फेरे घेतो. दहा लाख व्हायला चौदा दिवस लागतात.

‘ताण’ हा शब्द आणखी एका ठिकाणी अडतो. ताणणे म्हणजे ओढणे, मग दाबल्यावर येतो त्याला काय म्हणायचं? म्हणून पाठ्यपुस्तकात ‘प्रतिबल’ आहे: भार भागिले क्षेत्रफळ. 20 मिलिमीटर व्यासाच्या पोलादी सळीला 3 टन टांगले, तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे 94 न्यूटन. त्याने मीटरभर सळी अर्धा मिलिमीटरही लांबत नाही आणि भार काढताच पूर्ववत होते. तसाच आडव्या सळीला बाक येऊन भार काढताच तो गेला, तर ते ‘लवणं’. भार काढूनही बाक राहिला तर ते ‘वाकणं’. हे दोन शब्द आपल्याकडे आयते आहेत, ते सांभाळावेत. ‘विकृती’ हा लांबीत पडलेल्या फरकाचं मूळ लांबीशी असलेलं प्रमाण सांगणारा शब्द. बोलताना खटकतो, पण गणितात त्याच्याशिवाय भागत नाही.

‘थकवा’ या शब्दात एक धोका मात्र आहे. माणसाचा थकवा झोपेने उतरतो, धातूचा उतरत नाही, साचतो. जर्मन अभियंता व्योलर याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर हेच मोजलं: भार जितका कमी, तितके तुटेपर्यंतचे फेरे जास्त. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्याखाली ते जवळपास कितीही फेरे सोसतं. गुळगुळीत नमुन्यात ती तुटण्याच्या प्रतिबलाच्या साधारण निम्मी. शाफ्टवर चाक पक्कं बसवणाऱ्या चावीच्या खाचेचा कोपरा तीक्ष्ण असेल किंवा गंज चढला असेल, तर ती बरीच खाली येते. तडा बहुधा तिथूनच सुरू होतो.

तुटलेलं तोंड नीट पाहा. एका बाजूला गुळगुळीत भाग, त्यावर शिंपल्यासारख्या वर्तुळाकार रेघा: तडा हळूहळू सरकल्याच्या खुणा. उरलेला भाग रवाळ: तो शेवटच्या फेऱ्यात मोडला. तो पाहून ‘लोखंड रवाळ झालं म्हणून तुटलं’ असं म्हणतात. ती जुनी चूक आहे. रवे आधीपासूनच असतात, मोडल्यावर दिसतात इतकंच. म्हणून ‘तडा गेला’ आणि ‘मोडला’ या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीला काही महिने लागतात, दुसरीला क्षण.

नव्या शाफ्टचा तडा वेळीच दिसावा म्हणून खाचेजवळचं तेल-मळ पुसा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं करून खडू फासा. तडा असेल तर रॉकेल झिरपून काळसर रेघ उमटते. तुटलेला शाफ्ट वेल्डिंगने जोडून पुन्हा बसवू नका; सांध्याच्या कडेला तो पुन्हा थकतो, आणि लवकर.