तोफेआधी स्विचबोर्ड

अनेक उत्तम आशीर्वाद.

युद्धनौकेवर रेलगन, म्हणजे दोन रुळांमधून प्रचंड विद्युतप्रवाह सोडून गोळा फेकणारी तोफ, बसवण्याचा तुझा आराखडा दोनदा वाचला. तोफेच्या रुळांवर बारा पाने आणि वीज कुठून येणार यावर एकच परिच्छेद, ही माझी मुख्य तक्रार आहे.

साधा हिशेब मांडून पाहा. अमेरिकी नौदलाने डिसेंबर २०१० मध्ये व्हर्जिनियातील डालग्रेन येथे ३३ मेगाज्यूल ऊर्जेने गोळा डागला. ३२ मेगाज्यूलची तोफ धरली आणि साठवलेल्या ऊर्जेचा एक तृतीयांशच गोळ्याला मिळतो असे मानले, तर कपॅसिटर बँकेत (वीज साठवून एका झटक्यात सोडणाऱ्या कपॅसिटरांच्या संचात) दर वेळी सुमारे १०० मेगाज्यूल भरावे लागतात. मिनिटाला दहा गोळे हवे असतील तर त्यासाठी सहाच सेकंद हाताशी असतात, म्हणजे जवळपास १७ मेगावॉटची मागणी सतत राहते. आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकेवर चार गॅस टर्बाइन मिळून याच्या चौपटीहून अधिक शक्ती देतात, पण ती गिअरबॉक्समधून थेट प्रोपेलरकडे जाते. विजेची जनित्रे वेगळी आणि त्या मानाने लहान असतात. झुमवॉल्ट या अमेरिकी विनाशिकेवर मात्र सगळी ७८ मेगावॉट शक्ती वीज म्हणूनच तयार होते आणि हवी तिकडे वळवता येते. रेलगनसाठी त्या नौकेचे नाव वारंवार पुढे आले ते उगाच नव्हे.

उरलेल्या दोन तृतीयांशाची उष्णता होते. दहा गोळ्यांच्या गतीने ती सुमारे ११ मेगावॉट भरते, आणि ती काढणाऱ्या पंपांना व शीतकांना पुन्हा जागा, वजन आणि वीज लागते. तुझ्या नकाशात त्यांना एक चौकोनही मिळालेला नाही. रूळ झिजतात हे खरेच. पण २०२१ मध्ये अमेरिकेने हे काम थांबवले, त्याचा सगळा दोष रुळांवर टाकू नये, असे माझे मत आहे.

आणखी एक. आमच्या प्रयोगशाळेत एकाने कपॅसिटर बँक रिकामी केली, उरलासुरला भार जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा दांडा काढून ठेवला आणि तो चहाला गेला. परतून नट आवळताना ठिणगी उडाली व पान्याच्या तोंडावर मोहरीएवढा खड्डा पडला; कपॅसिटरमधल्या परावैद्युतात (पत्र्यांमधल्या विद्युतरोधक थरात) अडकलेला भार तेवढ्या वेळात पुन्हा टोकांवर आला होता. डोलत्या जहाजावरच्या अरुंद कप्प्यात तर हात टेकायलाही दुसरी जागा नसते. म्हणून पुढच्या नकाशात तो दांडा कुठे टांगणार हेही दाखव, आणि तो खुंटीवरच टांगलेला असताना कप्प्याचे दार उघडणारच नाही अशी सोय कर.

तुझा,
काका