‘बायोकम्पॅटिबल’ म्हणजे शरीराला मानवणारं

परळच्या एक ताई मेंदू आणि संगणक जोडणाऱ्या इम्प्लांटबद्दल रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मराठी माहितीपत्रक लिहीत आहेत. त्यांचा प्रश्न असा, की ‘बायोकम्पॅटिबल’ला ‘जैवसुसंगत’ लिहावं, की याहून सोपा शब्द आहे?

ताई, आहे ना. ‘मानवणे’. ‘मुंबईची हवा त्यांना मानवली नाही’, ‘मला दूध मानवत नाही’ यातलंच हे क्रियापद.

‘जैवसुसंगत’ चुकीचा नाही, परिभाषेच्या कोशात तो राहू द्या. पण हे विशेषण लावलं की सुसंगती हा त्या पदार्थाचा अंगचा गुण वाटतो, कुठेही ठेवा, सारखाच. ‘मानवणे’ला मात्र ‘कोणाला?’ याचं उत्तर लागतं. नुसतं ‘दूध मानवतं’ म्हटलं तर वाक्य अधुरं राहतं. आणि १९८७ साली ठरलेली बायोकम्पॅटिबिलिटीची व्याख्याही तेच सांगते: पदार्थाने विशिष्ट कामात, शरीराचा योग्य प्रतिसाद मिळवत आपलं काम करणं. म्हणजे कुठे आणि कशासाठी, हे आधी सांगायचं.

टायटॅनियम हाडाला उत्तम मानवतं. स्वीडनचे संशोधक ब्रॅनेमार्क यांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला घेतलं, तर ते निघेचना, हाड त्याला घट्ट जुळून आलं होतं. दातांचे इम्प्लांट त्यातूनच पुढे आले.

मेंदूची गोष्ट वेगळी. ब्रेनगेट या मेंदू आणि संगणक जोडणाऱ्या प्रणालीच्या २००४ मध्ये सुरू झालेल्या चाचण्यांत मेंदूत बसवलेली यूटा ॲरे म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर लांब-रुंद सिलिकॉनच्या चकतीवर सुमारे १०० सूक्ष्म सुया. तिच्या आधारे हातपाय लुळे पडलेली माणसं नुसत्या मनातल्या हालचालीने पडद्यावरचा कर्सर हलवू शकली, ही केवढी मोठी गोष्ट! पण सिलिकॉन मेंदूच्या ऊतीपेक्षा कोट्यवधी पट ताठ. मेंदू प्रत्येक श्वासाबरोबर, ठोक्याबरोबर किंचित हलतो, खरवसासारखा मऊ असतो. सुई त्याला खुपत राहते, भोवती ग्लायल पेशींचं, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींचं, आवरण तयार होतं, आणि महिन्या-वर्षांत संदेश क्षीण होऊ शकतात. म्हणून तर संशोधक पॉलिमरचे केसाहून बारीक धागे, पाणी धरून ठेवणारे हायड्रोजेल, वीज वाहणारे मऊ पॉलिमर यांच्या मागे आहेत.

इथे आपल्या भाषेतला आणखी एक शब्द कामाला येतो, तो म्हणजे ‘बाधणे’. सिलिकॉन विषारी नाही, त्या अर्थाने ते मेंदूला बाधत नाही. तरी पूर्णपणे मानवतही नाही. ‘नॉन-टॉक्सिक’ आणि ‘बायोकम्पॅटिबल’ यांतला फरक या दोन क्रियापदांत नेमका उतरतो. ‘बिनविषारी’ आणि ‘जैवसुसंगत’ या जोडीतून तो नातेवाइकांपर्यंत पोचेल असं मला वाटत नाही.

‘सोसणे’ मात्र टाळा. त्यात त्रास गृहीत धरलेला आहे, आणि वाचणारे आधीच घाबरलेले असतात.

तेव्हा पत्रकात असं लिहा: ‘हा पदार्थ मेंदूला बाधत नाही. तो किती काळ मानवेल, हे तपासण्यातून कळत राहील.’