आमदार 'आपला' असला म्हणून विचारायचं नाही का?

प्रश्न: आमच्या घरात आजोबांपासून एकाच पक्षाला मत जातं. आमदारही त्याच पक्षाचे. पण नवा केलेला रस्ता पहिल्याच पावसात उखडला, त्याचे फोटो मी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले तर लगेच 'तू कधीपासून तिकडचा झालास' सुरू. घरचेही म्हणतात आपल्याच माणसाचं उणंदुणं चव्हाट्यावर कशाला. मग विचारायचं तरी कसं?

उत्तर: मत दिलं म्हणून तुम्ही काय त्यांचे प्रवक्ते झालात का? उलट तुमच्या प्रश्नाला वजन जास्त आहे, कारण विरोधकानं विचारलं की 'राजकारण करतायत' म्हणून उडवून लावता येतं, स्वतःच्या मतदाराला तसं उडवणं जड जातं, पुढच्या वेळी बूथवर तोच लागणार असतो ना.

ग्रुपवर फोटो टाकून मात्र फारसं काही होत नाही, दोन्हीकडचे कार्यकर्ते तासभर भांडतात आणि मग कुणीतरी गुड नाईटचं फूल टाकतं. आधी रस्ता कुणाच्या पैशातून झाला ते शोधा. आमदार निधी, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगरपालिका, यातलं काहीही असू शकतं, आणि बऱ्याचदा आपण आमदाराला शिव्या घालत बसतो तेव्हा रस्ता झेडपीचा निघतो. (उलटही होतं, श्रेयाचा फ्लेक्स आमदारांचा आणि पैसा भलत्याच खात्याचा.)

आमदार निधीचा असेल तर लक्षात घ्या, आमदार फक्त काम सुचवतात, पैसे त्यांच्या खिशात येत नाहीत, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडून होते. खासदार निधीचंही तसंच, वर्षाला ५ कोटींपर्यंतची कामं ते सुचवतात. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज आमदारांच्या ऑफिसात देऊन उपयोग नाही, तो जिल्हा नियोजन समितीच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या, आणि काम ज्या खात्यानं केलं तिथे वेगळा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पक्षाचा इतिहास लिहित बसू नका. मागायचं काय तर कामाची प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, आणि दोष दायित्व कालावधी किती आहे ते. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि खरी मेख तिथेच असते, कारण तेवढ्या मुदतीत रस्ता उखडला तर तो ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो, आणि तसं करून न घेता पुन्हा नवीन टेंडर निघालं तर त्याच रस्त्यावर आपले पैसे दुसऱ्यांदा जातात. मोजमाप पुस्तिकेत डांबराच्या थराची जाडी लिहिलेली असते, ती आणि रस्त्याच्या कडेला तुटलेला तुकडा शेजारी ठेवून बघा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि प्रमाणित नमुना मागायचाही हक्क आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयात.

कागद हातात आले की मग आमदारांना पत्र द्या, पोच घ्या, आणि तेच पत्र ग्रुपवर टाका, आता 'तिकडचा' म्हणणाऱ्याला मोजमापावर बोलावं लागेल. फक्त पाठवायच्या आधी एक करा, पत्रात आमदारांच्या जागी दुसऱ्या पक्षाच्या माणसाचं नाव घालून वाचा. सूर बदलावासा वाटला, मग तो कडक करावासा वाटो की मऊ, तर पत्र परत लिहा.

प्रश्न: आमचे आमदार प्रत्येक लग्नाला, दहाव्याला हजर असतात, माणूस चांगला आहे. पण सभागृहात ते काय करतात कुणालाच माहीत नाही. विचारलं तर म्हणतात पक्षाचा आदेश असतो, आमच्या हातात काय.

उत्तर: अर्धं खरं आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हीप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, निघाल्यावर विरोधात मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते, त्यामुळे मतदानाबद्दल त्यांना एकट्याला धरून फायदा नाही. पण तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं) टाकायला, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) मांडायला, औचित्याचा मुद्दा उपस्थित करायला, समितीच्या बैठकीला जाऊन बसायला कुठला व्हीप आडवा येतो? प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाज विधिमंडळाच्या वेबसाइटवर असतं, शोधायला कटकट आहे पण सापडतं. अधिवेशन संपलं की बघा तुमच्या तालुक्याचं नाव किती वेळा आलं, आणि पुढच्या लग्नात भेटले की तेवढंच विचारा. दहाव्याला नको.

प्रश्न: काम न करणाऱ्या आमदाराला मध्येच परत बोलावता येतं का?

उत्तर: नाही. आमदार-खासदारांसाठी आपल्याकडे अशी तरतूदच नाही. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर पद जातं, पण ते कोर्टाचं काम, आणि 'नोटा'ला सगळ्यात जास्त मतं पडली तरी विधानसभा-लोकसभेत पुढचा उमेदवार निवडून येतोच. थेट निवडून आलेल्या सरपंचाचं वेगळं आहे, सदस्यांनी अविश्वास ठराव पास केला तरी तो ग्रामसभेत गुप्त मतदानानं मंजूर व्हावा लागतो. म्हणजे तिथे गावाच्या हातात थोडं तरी आहे, पण त्यासाठी ग्रामसभेला जावं लागतं, आणि ती कोरमअभावी, म्हणजे पुरेशी माणसं न आल्यानं, तहकूब झाली याला सरपंच एकटाच जबाबदार नसतो.